प्रत हातातून गेली आणि छोट्यांचा धंदा बसला

प्रश्न असा आहे: छोटी, स्वतंत्र चित्रपटगृहं आणि व्हिडिओ लायब्रऱ्या ओटीटीमुळेच बंद पडल्या का? आणि लोकांनी मनावर घेतलं असतं तर त्या वाचल्या असत्या का?

मी आधी प्रोजेक्शन केबिनमध्ये ऑपरेटर होतो, मग व्हिडिओ लायब्ररीच्या काउंटरमागे उभा राहिलो आणि त्यानंतर बरीच वर्षं छोट्या थिएटरांसाठी चित्रपट ठरवणं, वितरकांशी बोलणी करणं हे काम केलं. त्या अनुभवावरून सांगतो, ओटीटी आलं तेव्हा यांतली बहुतेक ठिकाणं आधीच खिळखिळी झालेली होती. प्रेक्षकांनी पाठ फिरवली म्हणून धंदा बुडाला, असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. चित्रपटाची प्रत ही हातात धरता येणारी वस्तू होती, तोवर लहान भांडवलाच्या माणसाला तिच्यावर पोट भरता येत होतं. त्या वस्तूच्या जागी परवाना आला, आणि परवान्याच्या अटी ठरवताना छोट्या माणसाला कोणी विचारलं नाही. व्हिडिओ लायब्ररी आणि छोटं थिएटर हे वरवर एकमेकांचे स्पर्धक दिसतात, पण दोघांनाही मार बसला तो याच एका जागी.

आधी कॅसेटचं बघू, कारण तिथे हिशोब उघडा दिसतो. सोनीचं बीटामॅक्स १९७५ मध्ये आलं, जेव्हीसीचं व्हीएचएस १९७६ मध्ये. १९७७ मध्ये मॅग्नेटिक व्हिडिओ या कंपनीने ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सकडून पन्नास चित्रपटांचे हक्क घेऊन त्यांच्या कॅसेटी विकायला काढल्या. विकायला, हे लक्षात घ्या. भाड्याची कल्पना स्टुडिओंची नव्हतीच. लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज अ‍ॅटकिन्सन नावाच्या दुकानदाराने त्या विकत घेतलेल्या कॅसेटी भाड्याने द्यायला सुरुवात केली. स्टुडिओंना ते रुचलं नाही, पण अमेरिकेच्या कायद्यात एक जुनं तत्त्व होतं: कायदेशीरपणे विकलेल्या प्रतीचं पुढे काय करायचं हे विकत घेणारा ठरवतो. तो ती विकेल, कोणाला देईल किंवा भाड्याने लावेल. गाण्यांच्या रेकॉर्डच्या बाबतीत १९८४ मध्ये अमेरिकेने ही मोकळीक काढून घेतली. व्हिडिओच्या बाबतीत तसाच कायदा करून घेण्याचे स्टुडिओंचे प्रयत्न फसले. त्या फसलेल्या प्रयत्नांमुळेच अमेरिकेत हजारो दुकानं उभी राहू शकली. युरोपात १९९२ च्या निर्देशाने भाड्याचा हक्क वेगळा काढून निर्मात्यांकडे दिला, त्यामुळे तिथल्या दुकानदारांचं गणित निराळं राहिलं.

आता काउंटरच्या आतल्या बाजूने बघा. भाड्याच्या बाजारासाठी काढलेली नव्या चित्रपटाची कॅसेट अमेरिकेत ७० ते १०० डॉलरच्या घरात पडायची. घरात ठेवायला कोणी ती विकत घेईल अशी किंमतच नव्हती. ती दुकानदारासाठीच ठरवलेली असायची. दुकानदाराने दोन-तीन प्रती घेतल्या की त्या इतक्या-इतक्या वेळा बाहेर गेल्याशिवाय पैसे वसूल होणार नाहीत, हे त्याला तोंडपाठ असे. पहिले काही आठवडे सगळा खेळ या वसुलीचा. पण वसुली झाली की ती कॅसेट त्याची. तिच्यावर पुढे येणारं प्रत्येक भाडं त्याच्या गल्ल्यात, कोणाला वाटा नाही, कोणाला हिशोब नाही. दहा वर्षांपूर्वीचा, महिन्यातून एकदाच कोणीतरी नेणारा चित्रपट दुकानात का असायचा, याचं उत्तर एवढंच आहे. दुकानदार फार रसिक होता म्हणून नव्हे (काही होते, आणि त्यांची दुकानं वेगळीच होती), तर त्या कॅसेटला ठेवायला खर्च काहीच नव्हता. फळीवर चार बोटं जागा, बस.

आणखी एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. दुकानदार सुचवायचा, त्याच्या शिफारशीवर लोक नवं काही बघायचे, अशी आठवण सगळे काढतात. ही शिफारस आली कुठून? प्रती कमी होत्या म्हणून. शुक्रवारी संध्याकाळी गिऱ्हाईक नवा चित्रपट मागायला येई. रिकामा डबा समोर मांडलेला, पण कॅसेट बाहेर गेलेली. माणूस काहीतरी न्यायचंच असं घरून ठरवून आलेला असे, त्याला रिकाम्या हाताने पाठवणं दुकानदाराला परवडत नसे. मग प्रश्न सुरू होत: घरी कोण कोण बघणार, मागच्या आठवड्यात काय नेलं होतं, आवडलं का, अर्ध्यावर बंद केलं का? त्याच दिग्दर्शकाचा आधीचा, त्याच नटाचा पडलेला पण चांगला, किंवा भलत्याच देशातला एखादा चित्रपट हातात ठेवला जाई. सोमवारी परत करताना माणूस दोन शब्द बोले. ते बोलणं नोंदवहीत कुठेच नसायचं, पण तीच दुकानाची खरी मिळकत होती. पुढच्या वेळी त्या माणसाला काय द्यायचं हे त्यातूनच ठरे. आज पडद्यावर हवा तो नवा चित्रपट केव्हाही मिळतो, म्हणून तो संवाद घडायचं कारणच उरलं नाही. शिफारस करणारी यंत्रणा आहे, पण तुम्ही आधी काय पाहिलंत यावरून ती तशाच गोष्टी पुढे करते. ‘तुम्हाला हे आवडणार नाही कदाचित, पण बघाच’ असं तिने म्हटल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

या धंद्याला पहिला मोठा धक्का १९९८ च्या सुमाराला बसला. ब्लॉकबस्टर ही साखळी १९८५ मध्ये डॅलसमध्ये एका दुकानापासून सुरू झाली होती, आणि तोवर ती अवाढव्य झाली होती. तिने स्टुडिओंशी नवा करार केला: कॅसेटमागे सुरुवातीला थोडीच रक्कम द्यायची आणि मग भाड्यातून येणाऱ्या पैशांत स्टुडिओला वाटा. त्यामुळे जिथे छोटा दुकानदार पूर्ण किंमत मोजून तीन प्रती घेत होता, तिथे पलीकडच्या साखळीच्या दुकानात त्याच चित्रपटाच्या तीसचाळीस प्रती भिंतभर लागल्या. ‘हमखास मिळेल’ अशी जाहिरात सुरू झाली. छोट्यांना त्याच अटी मिळाल्या नाहीत, किंवा मिळाल्या त्या त्यांना झेपणाऱ्या नव्हत्या. स्वतंत्र दुकानदार न्यायालयात गेले आणि हरले. नेटफ्लिक्सने इंटरनेटवरून चित्रपट दाखवायला सुरुवात केली ती २००७ मध्ये, म्हणजे या गोष्टीनंतर जवळजवळ नऊ वर्षांनी. मधल्या काळात किती दुकानांनी शटर ओढलं, ते या धंद्यात असलेल्यांना आठवतं.

डीव्हीडीने दुसरा घाव घातला. ती कॅसेटपेक्षा स्वस्त होती, टपालाने पाठवता येत होती आणि स्टुडिओंनी ती थेट लोकांना विकायलाच काढली. किराणा मालाच्या मोठ्या दुकानात डीव्हीडी भाड्याच्या तिप्पट-चौपट किमतीत मिळू लागल्यावर भाडं कशाला भरायचं? त्याही लाटेत काही दुकानं तगली, ती मागच्या फळ्यांच्या जोरावर. साखळ्या मात्र नव्या चित्रपटांवरच उभ्या होत्या. २००४ च्या सुमाराला जगभर ९००० च्या आसपास दुकानं असलेल्या ब्लॉकबस्टरने सप्टेंबर २०१० मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. २०१९ पासून त्या नावाचं एकच दुकान राहिलं आहे, ओरेगनमधल्या बेंड या गावात. फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर, म्हणजे कॅसेट लावायचं यंत्र, बनवणं थांबवलं, आणि टपालाने डीव्हीडी पाठवणं नेटफ्लिक्सनेच सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केलं.

थिएटरांची कथा याला समांतर चालते, फक्त तिथे वस्तू वजनदार होती. दोन तासांच्या चित्रपटाची ३५ मिमी प्रिंट म्हणजे दहा-अकरा हजार फूट फिल्म, पाच-सहा रिळं, पंचवीसेक किलोचा ऐवज. दोन प्रोजेक्टरवर चालवायची तर एक रीळ सुमारे वीस मिनिटांचं. रीळ संपत आलं की चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका क्षणभर चमकतो. तो दिसला की दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर चालू करायची. सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका, त्यावर झडप बदलायची. नीट जमलं तर खाली बसलेल्या कोणालाही कळत नाही. फिल्म तुटली तर स्प्लायसरवर दोन टोकं चिकटवून पाच मिनिटांत खेळ पुढे सुरू व्हायचा. एखादी चौकट जायची, चित्रपट जायचा नाही.

ही प्रिंट काढायला महाग होती, हजार डॉलरच्या पुढेच, आणि छोट्या थिएटरांचं सगळं अस्तित्व त्या महागाईवर उभं होतं. प्रिंटा मोजक्याच असल्याने त्या फिरत. आधी मोठ्या शहरांतली मोठी थिएटरं, काही आठवड्यांनी दुसऱ्या फेरीची, मग तालुक्याएवढ्या गावांतली. चरे पडलेली प्रिंट आमच्याकडे येई, पण येताना दोन गोष्टी घेऊन येई. चित्रपटाची चर्चा तोवर आपोआप पसरलेली असे, त्यामुळे जाहिरातीचा खर्च वाचे. आणि वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो आणि मग उतरत जातो, त्यामुळे उशिरा आलेल्या चित्रपटावर तिकिटाचा मोठा हिस्सा थिएटरकडे राही. दुसऱ्या फेरीची थिएटरं स्वस्त तिकिटांवर चालू शकली ती या उतरत्या वाट्यामुळे. वितरकांच्या दादागिरीवर त्या काळी निदान काही लगाम होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये पॅरामाउंट खटल्यात निकाल देऊन स्टुडिओंना थिएटरांची साखळी सोडायला लावली आणि एक हवा तर दहा नको असलेलेही घ्या, या पद्धतीला चाप लावला. तो बंदोबस्त २०२० मध्ये रद्द झाला.

सात हॉलिवूड स्टुडिओंनी २००२ मध्ये एकत्र येऊन डिजिटल प्रक्षेपणाचे निकष ठरवायला घेतले, २००५ मध्ये ते जाहीर केले. २००९-१० च्या थ्रीडीच्या लाटेत मोठ्या साखळ्यांनी झपाट्याने यंत्रं बदलली. एका पडद्याचा खर्च ६० हजार ते १ लाख डॉलर. वाचणारे पैसे मुख्यतः वितरकाचे, कारण हार्ड डिस्कवरची प्रत प्रिंटच्या मानाने नगण्य किमतीत होते. पण यंत्र घ्यायचं थिएटरने. हा अन्याय भरून काढायला आभासी प्रिंट शुल्क नावाची व्यवस्था आली: डिजिटल प्रत लावली की वितरकाने ठरावीक रक्कम यंत्राच्या कर्जफेडीसाठी द्यायची. ऐकायला रास्त वाटतं. प्रत्यक्षात ती रक्कम चित्रपट प्रदर्शित होतानाच लावणाऱ्याला पुरेपूर मिळे, उशिरा लावणाऱ्याला कमी किंवा काहीच नाही. म्हणजे उशिरा लावण्यावरच ज्यांचं घर चालत होतं, नेमके तेच वगळले गेले. माझ्या मते गेल्या अर्धशतकातला छोट्या थिएटरांवरचा हा सर्वांत मोठा आघात होता, आणि त्याबद्दल बाहेर फारसं कोणी बोलत नाही, कारण तो एका कराराच्या परिशिष्टात झाला.

प्रिंटवरच चालवत राहू म्हणावं, तर तीही सोय राहिली नाही. फुजीफिल्मने २०१३ मध्ये सिनेमाची फिल्म बनवणं थांबवलं. पॅरामाउंटने अमेरिकेत ३५ मिमी प्रिंटा काढणं बंद केल्याची बातमी २०१४ च्या सुरुवातीला आली. प्रयोगशाळा एकामागून एक बंद झाल्या. ज्यांना यंत्र घेता आलं नाही त्यांना लावायला चित्रपटच मिळेना.

ज्यांनी घेतलं, त्यांच्या हातात काय आलं तेही सांगतो. डिजिटल प्रत कुलूपबंद असते. तिची किल्ली, जिला आम्ही केडीएम म्हणतो, ती वेगळी ईमेलने येते. ती ठरावीक सर्व्हरसाठी, ठरावीक तारखेच्या ठरावीक तासापासून ठरावीक तासापर्यंतच चालते. एका शुक्रवारी आमच्या सर्व्हरमधलं एक कार्ड बदललेलं होतं. चित्रपट डिस्कवरून यंत्रात उतरवलेला, प्रेक्षक आत बसलेले आणि पडद्याच्या यंत्रावर ‘किल्ली वैध नाही’ एवढंच. किल्ली जुन्या कार्डाच्या नावावर काढलेली होती. वितरकाच्या कार्यालयात त्या वेळी फोन उचलायला कोणी नव्हतं. चित्रपट इमारतीत होता, बघायला आलेले लोक होते, दिवा चालू होता, तरी खेळ रद्द करून पैसे परत द्यावे लागले. तिथे मला लख्ख कळलं की प्रत माझ्याकडे आलेलीच नाही, फक्त तिचं ओझं माझ्याकडे आलं आहे.

डिजिटलला सरसकट वाईट म्हणणार नाही. चरे नाहीत, रंग उडत नाहीत, आणि ज्या तरुण दिग्दर्शकाला एकही प्रिंट काढणं परवडलं नसतं त्याचा चित्रपट आज कोणत्याही पडद्यावर लागू शकतो. पण प्रत स्वस्त झाल्यावर सगळ्यांना एकाच दिवशी पाठवता येऊ लागली, आणि फेऱ्या संपल्या. हजारो पडद्यांवर एकदम लागणारा चित्रपट दोन-तीन आठवड्यांत उतरतो. त्याच वेळी थिएटरमध्ये लागलेला चित्रपट घरी बघायला मिळेपर्यंतची मुदतही आखडत गेली. अमेरिकेत पूर्वी ती काही महिन्यांची होती, नंतर नव्वद दिवसांवर आली. २०२० मध्ये युनिव्हर्सल हा स्टुडिओ आणि एएमसी ही थिएटरांची साखळी यांनी ती सतरा दिवसांपर्यंत खाली आणणारा करार केला. आठव्या आठवड्यात चित्रपट लावणाऱ्या थिएटरला त्यात जागाच नाही. बाकी जमिनीचे भाव, वाढती वीजबिलं, कोरोनातली टाळेबंदी ही कारणं आहेतच. पण ती पडत्या भिंतीला लागलेले धक्के.

हे सगळं अटळ होतं का? नाही, आणि याला फ्रान्सचा दाखला आहे. तिथे प्रत्येक तिकिटावर १०.७२ टक्के कर घेतात आणि तो सीएनसी या राष्ट्रीय सिनेमा संस्थेमार्फत पुन्हा सिनेमातच जातो, त्यात थिएटरंही आली. डिजिटलच्या वेळी त्यांनी सप्टेंबर २०१० मध्ये कायदाच केला: यंत्रांच्या खर्चात वितरकांनी वाटा उचललाच पाहिजे. आणि ज्या छोट्या थिएटरांना त्यातूनही पुरेसे पैसे मिळणार नव्हते त्यांना सीएनसीने मदत केली. तंत्रज्ञान तेच, ओटीटी तेच, प्रेक्षकही आपल्यासारखेच; तरी तिथे एका-दोन पडद्यांची थिएटरं लहान गावांत आजही चालू आहेत. जपानमध्ये सरकारचा असा आधार नव्हता. २०२० मध्ये तिथल्या मिनी थिएटरांसाठी, म्हणजे छोट्या स्वतंत्र थिएटरांसाठी, दिग्दर्शकांनी पुढाकार घेऊन लोकवर्गणीतून तेहतीस कोटी येनच्या आसपास रक्कम उभी केली. तरी टोकियोचं इवानामी हॉल २०२२ मध्ये बंद झालंच. वर्गणीने एक वाईट वर्ष निभावतं, अटी बदलत नाहीत.

म्हणून ‘लोकांनी मनावर घेतलं असतं तर’ या प्रश्नाचं माझं उत्तर असं, की लोकांनी मनावर घेतलं तरी ते नेमकं कशासाठी, हे महत्त्वाचं. केवळ गर्दी करून वाचलेलं थिएटर मला माहीत नाही. वाचलेली ठिकाणं दोन प्रकारची आहेत: जिथे सभासदांनी किंवा गावाने इमारत आपल्या मालकीची करून घेतली, आणि जिथे जुन्या चित्रपटांचे खेळ मुख्य धरले गेले. जुन्या चित्रपटाला पहिल्या आठवड्याच्या अटी नसतात, बहुतेकदा एकरकमी शुल्कावर तो मिळतो आणि शेजारच्या मल्टिप्लेक्सला त्यात रस नसतो. आज कोणी छोटं थिएटर घ्यायचं म्हणत असेल तर मी आसनं कमी ठेवायला सांगेन, चांगल्या स्थितीतलं वापरलेलं यंत्र बघायला सांगेन, आणि सही करण्याआधी करारात ‘सर्व खेळ’ हे शब्द आहेत का ते तपासायला सांगेन. एकाच पडद्यावर सर्व खेळ एकाच चित्रपटाचे लावायची अट मान्य केली की तीन आठवडे हात बांधले जातात. त्याऐवजी दिवसातला एक खेळ मोकळा ठेवून घ्या, पहिल्या आठवड्याचा हट्ट सोडून द्यावा लागला तरी चालेल.

व्हिडिओ लायब्ररी धंदा म्हणून परत येईल असं मला वाटत नाही. संग्रह म्हणून ती टिकू शकते, आणि टिकायलाच हवी. अनेक चित्रपट व्हीएचएसवरून डीव्हीडीवर आलेच नाहीत, आणि डीव्हीडीवरचे बरेच ओटीटीवर नाहीत. गाण्यांचे हक्क, मूळ कंपनी बुडालेली, मालक कोण याचा पत्ता नाही, अशी कारणं असतात. सिॲटलचं स्केअरक्रो व्हिडिओ १९८८ मध्ये दुकान म्हणून सुरू झालं, २०१४ मध्ये ते ना-नफा संस्था झालं, आणि तिथे लाखाहून जास्त चित्रपट आजही भाड्याने मिळतात. न्यूयॉर्कच्या किम्स व्हिडिओचा सुमारे ५५ हजार चित्रपटांचा संग्रह मात्र सिसिलीतल्या सालेमी या गावाला दिला गेला. सगळ्यांना तो बघता येईल असं आश्वासन होतं, तरी वर्षानुवर्षं तो पडून राहिला आणि शेवटी २०२२ मध्ये न्यूयॉर्कला परत आला.

तुमच्या ओळखीतलं एखादं दुकान बंद होत असेल, तर संग्रह फोडून विकू देऊ नका. गाजलेले चित्रपट लगेच जातात आणि कुठेही मिळत नाहीत असे मागे उरलेले रद्दीत जातात. नोंदवही, यादी, फळ्यांवरचे क्रमांक यांसकट सगळं एकत्र उचला. यादीशिवायचा संग्रह कोणतंही ग्रंथालय घेत नाही. कॅसेटी पूर्ण गुंडाळून, उभ्या, दमट नसलेल्या खोलीत ठेवा. बुरशीचा पांढरा थर दिसला तर ती कॅसेट यंत्रात घालू नका. ती बुरशी यंत्राच्या हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) लागून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. चालू स्थितीतलं व्हीसीआर मिळालं तर लगेच घेऊन ठेवा, सुट्या भागांसाठी दुसरंही. आणि डिजिटल प्रत करायला सुरुवात करायची ती दुसरीकडे कुठेच सापडत नाही अशा चित्रपटापासून, आधी हक्क कोणाकडे आहेत ते शोधून.